गुडघ्याचा बाक काढल्यानंतर पायाच्या लांबीत पडणारा फरक : तो कसा मोजावा आणि त्याचे काय करावे

गुडघ्याचा आतला कप्पा झिजला, पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला, पण सांधा बदलण्याचे वय अजून झालेले नाही, अशा रुग्णासाठी नडगीचे हाड गुडघ्याच्या थोडे खाली कापून त्याचा कोन बदलण्याची शस्त्रक्रिया केली जाते. शरीराचा भार झिजलेल्या आतल्या कप्प्यावरून काढून बाहेरच्या चांगल्या कप्प्याकडे वळवणे, एवढाच तिचा हेतू असतो. तिचे नाव हाय टिबियल ऑस्टिओटॉमी असले, तरी रुग्णालयात सगळे तिला एचटीओ म्हणतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या मार्क कॉव्हेंट्री यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखानंतर ती जगभर रूढ झाली. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्यावर ती काही काळ मागे पडली होती, पण स्क्रू प्लेटमध्येच घट्ट बसणाऱ्या लॉकिंग प्लेट आल्यापासून तिला पुन्हा चांगले दिवस आले आहेत.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला पायाच्या कोनाविषयी बरेच सांगितले जाते आणि लांबीविषयी फारच थोडे. घरी आल्यावर काही आठवड्यांनी तो उभा राहतो, तेव्हा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा किंवा छोटा झाला आहे असे त्याला जाणवते आणि कुठेतरी काही चुकले अशी शंका मनात घर करते. बहुतेक वेळा काही चुकलेले नसते. हाडाची लांबी काही मिलिमीटरने बदलणे हा या शस्त्रक्रियेचा अपेक्षित परिणाम आहे, आणि रुग्णाला जाणवणाऱ्या फरकात त्याखेरीज इतर अनेक गोष्टी मिसळलेल्या असतात. म्हणून चपलेखाली काहीही चिकटवण्याआधी जाणवणाऱ्या फरकात हाडाचा वाटा किती आणि बाकीचा किती, हे वेगळे करून पाहावे, कारण बाकीचा वाटा व्यायामाने जातो आणि हाडाचा जात नाही. पुढील माहिती प्रौढ रुग्णांसाठी आहे. वाढत्या वयातील मुलांच्या हाडांचे गणित निराळे असते.

लांबी बदलते ती कशामुळे

कारणे दोन आहेत आणि ती स्वतंत्रपणे समजून घेतली, तर पुढचा गोंधळ टळतो.

पहिले कारण साध्या भूमितीचे. खुब्याच्या गोळ्यापासून घोट्यापर्यंतचे सरळ अंतर ही पायाची कामाची लांबी. पाय गुडघ्यात वाकलेला असेल, तर हाडे तेवढीच असूनही हे अंतर कमी भरते आणि पाय सरळ केला की ते वाढते. ते किती, याचा अंदाज घेण्यासाठी खुब्यापासून गुडघ्यापर्यंत ४२ सेंमी आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत ३६ सेंमी लांबीचा पाय धरू. त्यात ८ अंशांचा बाक असेल, तर सुमारे २ मिमी लांबी हरवते. बाक १० अंशांचा असेल तर ३ मिमी, १५ अंशांचा असेल तर साडेसहा मिमी आणि २० अंशांचा असेल तर जवळजवळ १२ मिमी. कोन दुप्पट झाला की तोटा चौपट होतो, हे येथे लक्षात ठेवावे, कारण गुडघा पूर्ण सरळ न होण्याच्या बाबतीतही हेच आकडे पुढे उपयोगी पडणार आहेत.

दुसरे कारण शस्त्रक्रियेच्या पद्धतीचे. कोन बदलण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिल्यात नडगीच्या हाडाला आतल्या बाजूने काप देतात, बाहेरच्या बाजूला हाडाची एक पातळ पट्टी बिजागरीसारखी शिल्लक ठेवतात आणि काप हळूहळू उघडून तेथे पाचरीच्या आकाराची फट तयार करतात. ती फट प्लेटने तशीच धरून ठेवली जाते आणि गरजेप्रमाणे तीत हाडाचा चुरा किंवा कृत्रिम भराव घातला जातो. याला ओपन वेज म्हणतात. दुसऱ्यात बाहेरच्या बाजूने हाडाची पाचरच काढून घेतात आणि उरलेल्या दोन कडा एकमेकींना टेकवतात. हे क्लोज वेज. ओपन वेजमध्ये हाडात भर पडते, क्लोज वेजमध्ये हाड कमी होते.

नडगीचे हाड कापाच्या जागी साधारण ६४ मिमी रुंद आहे आणि कोन १० अंशांनी बदलायचा आहे असे समजू. आतल्या कडेला फट सुमारे ११ मिमी उघडेल, बाहेरच्या बिजागरीपाशी ती शून्य असेल, म्हणजे हाडाच्या मध्यावर ती साडेपाच मिमीच्या आसपास येईल. पायाच्या लांबीत भर पडते ती या मध्यावरच्या उघडीपाएवढी. रुग्ण आपल्या कागदपत्रांत ‘११ मिमी करेक्शन’ असे वाचतो आणि पाय ११ मिमीने वाढला असे समजतो. तो समज येथेच सोडावा.

आता दोन्ही कारणे एकत्र करू. ८ अंशांचा बाक असलेला पाय १० अंशांनी फिरवून दोन अंश पलीकडे नेला, तर सरळ होण्यामुळे जवळजवळ २ मिमी मिळतात. ओपन वेज असेल तर त्यात पाचरीचे साडेपाच मिमी मिळवायचे, म्हणजे पाय एकूण ७ मिमीच्या आसपास वाढतो. क्लोज वेज असेल तर तेवढेच वजा करायचे, म्हणजे पाय सुमारे ४ मिमीने आखूड होतो. रुग्ण तोच आणि कोनही तोच, पण केवळ पद्धतीमुळे ११ मिमीचा, म्हणजे एक सेंटिमीटरहून थोडा अधिक, फरक पडतो. हे आकडे एका उदाहरणाचे आहेत. हाड रुंद असेल किंवा कोन मोठा असेल तर ते वाढतील, परंतु एका पायाच्या नेहमीच्या एचटीओत बदल मिलिमीटरमध्ये मोजला जातो, इंचांमध्ये नाही.

गुडघे आत वळून एकमेकांना घासतात, तेव्हा काप बहुधा मांडीच्या हाडाला, गुडघ्याच्या वर, दिला जातो. तत्त्व तेच राहते, फक्त बाजू उलटतात. बाहेरून उघडलेली पाचर लांबी वाढवते आणि आतून काढलेली पाचर ती कमी करते.

शस्त्रक्रियेआधी करायची कामे

लांबीचा प्रश्न सोडवण्याची खरी वेळ शस्त्रक्रियेच्या आधीची असते, कारण तेव्हा पद्धत निवडण्याची मुभा असते. दोन्ही पायांचा, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभ्याने काढलेला एक्स-रे नियोजनासाठी काढला जातोच. आपल्याकडे त्याला स्कॅनोग्राम म्हणतात. त्यावर दोन्ही पायांची लांबी किती आहे हे आपण होऊन विचारावे आणि कागदावर लिहून घ्यावे. दोन पायांत सुरुवातीपासून थोडा फरक असणे अगदी सामान्य आहे. निरोगी लोकांतही सरासरी ५ मिमीच्या आसपास फरक आढळतो आणि बहुतेकांना तो आयुष्यभर कळत नाही. आधीचा आकडा हाती नसेल, तर शस्त्रक्रियेनंतर दिसणारा फरक जुना की नवा, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

जो पाय आधीच मोठा आहे त्याच पायावर ओपन वेज करायचे ठरत असेल, तर त्याबद्दल शल्यविशारदांशी मोकळेपणाने बोलावे. ते क्लोज वेजचा विचार करतील किंवा ओपन वेजच का बरे हे समजावून सांगतील. क्लोज वेजमध्ये बाजूच्या बारीक हाडाचेही काहीतरी करावे लागते आणि पाऊल वर उचलणाऱ्या नसेला इजा होण्याचा धोका तीत अधिक असतो. ओपन वेजमध्ये फट भरून येण्यास वेळ लागतो, शिवाय गुडघ्याची वाटी थोडी खाली येऊ शकते. पाच-सात मिलिमीटरसाठी यांतला कोणता धोका पत्करायचा, हा निर्णय वैद्यकीय आहे, आणि माझ्या मते फरक एक सेंटिमीटरच्या आत राहणार असेल, तर लांबीला त्यात सर्वांत कमी महत्त्व असावे. मात्र जुने फ्रॅक्चर, खुब्याचा आजार किंवा लहानपणीचा पोलिओ यांमुळे फरक आधीच मोठा असेल, तर ही चर्चा टाळू नये. पोलिओ झालेल्या काही रुग्णांत आखूड पाय जरा आखूड असणे सोयीचेच असते, कारण न वळणारा गुडघा किंवा न उचलले जाणारे पाऊल पुढे टाकताना जमिनीला अडत नाही. अशा पायाची लांबी ‘बरोबर’ केली की चाल बिघडते.

पहिले सहा ते बारा आठवडे

या काळात पाय छोटा-मोठा वाटतो आणि त्या वाटण्यावर भरवसा ठेवता येत नाही. कारणे ओळखून ती एकेक करून दूर करणे, हेच या आठवड्यांतले काम आहे.

सगळ्यांत मोठा घोळ गुडघा पूर्ण सरळ न होण्यामुळे होतो. शस्त्रक्रियेनंतर सूज असते, दुखते आणि थोडा वाकवलेला गुडघा आरामाचा वाटतो. घरचे लोक मायेने गुडघ्याखाली उशी सरकवतात. काही दिवसांत गुडघा त्याच स्थितीत आखडतो. वरचे आकडे येथे पुन्हा लावून पाहावेत : गुडघा १५ अंश वाकलेला राहिला तर उभे राहताना पाय साडेसहा मिमीने छोटा पडतो, म्हणजे ओपन वेजने मिळालेली वाढ जवळजवळ सगळी झाकली जाते. रुग्ण म्हणतो पाय आखूड झाला, एक्स-रे म्हणतो पाय वाढला आहे, आणि दोघेही खरेच बोलत असतात. यावर उपाय सोपा आहे. उशी गुडघ्याखालून काढावी आणि टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवावी, म्हणजे गुडघ्याचा मागचा भाग मोकळा राहून स्वतःच्या वजनाने खाली येतो. त्याच स्थितीत मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा गादीकडे दाबावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा आणि सोडावा. हा व्यायाम कधी सुरू करायचा आणि दिवसातून किती वेळा करायचा, हे शल्यविशारद व फिजिओथेरपिस्ट सांगतील तसेच ठेवावे, कारण हाडाला दिलेला काप आणि प्लेट यांची मजबुती त्यांनी पाहिलेली असते.

दुसरा घोळ याच्या उलट आहे. घोटा आखडला आणि पाऊल वर उचलले जाईना, की पाय मोठा झाल्यासारखा वाटतो. चालताना चवडा जमिनीला घासतो आणि तो सोडवण्यासाठी माणूस कंबर वर उचलतो. पोटरी आखडली असेल तर ताणाच्या व्यायामाने हे जाते. पण पाऊल आपल्या जोराने वर उचलताच येत नसेल, तर तो नसेचा प्रश्न असू शकतो आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू कमजोर असले, की ज्या पायावर उभे राहावे त्याच्या विरुद्ध बाजूची कंबर खाली झुकते आणि चाल हेलकावे खाते. पाहणाऱ्याला वाटते की पाय छोटा आहे. वॉकर किंवा कुबड्यांवर महिनाभर काढलेल्या माणसात हे हमखास दिसते. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलण्याचा व्यायाम यासाठीच देतात. परवानगी मिळाल्यावरही काही रुग्ण शस्त्रक्रिया झालेल्या पायावर वजन टाकायला कचरतात, गुडघा किंचित वाकवून आणि सगळा भार दुसऱ्या पायावर देऊन उभे राहतात, आणि मग कंबर वाकडी दिसते याबद्दल तक्रार करतात. वजन समान पडते आहे का हे पाहण्यासाठी एकसारखे दोन वजनकाटे शेजारी ठेवून एकेक पाय एकेका काट्यावर ठेवावा. आकडा डोळ्यांसमोर असला की भार आपोआप सारखा पडू लागतो.

शेवटची गोष्ट सवयीची. वर्षानुवर्षे वाकत गेलेल्या पायाशी कंबरेने आणि पाठीने जुळवून घेतलेले असते. तो पाय एकाएकी सरळ आणि ७ मिमी लांब झाला की जुळवून घेण्याचे काम नव्याने करावे लागते, आणि सुरुवातीला ते ७ मिमी दोन सेंटिमीटरसारखे भासतात. ही जाणीव काही महिन्यांत बहुतेकांची विरते. पायजम्याचा किंवा सलवारीचा एक पाय जमिनीला लागतो आणि दुसरा लागत नाही, यावरून मात्र काहीही ठरवू नये. बाक गेल्यामुळे कपडा वेगळा पडतो, तेवढेच त्याचे कारण असू शकते.

घरी मोजायचे कसे

हाड जुळत आले, पायावर पूर्ण वजन टाकायची परवानगी मिळाली आणि गुडघा दुसऱ्या गुडघ्याएवढा सरळ होऊ लागला, म्हणजे मोजणीची वेळ झाली. अनेकांच्या बाबतीत ती तीन महिन्यांच्या पुढे येते. त्याआधी मोजले तर आकडा मिळतो, पण त्याचा अर्थ लावता येत नाही.

शिंप्याची टेप घेऊन झोपलेल्या माणसाचा पाय मोजणे, ही सर्वांत प्रचलित पद्धत. कंबरेच्या हाडाचे पुढचे टोक, म्हणजे ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना बोटाला लागणारा उंचवटा, तेथून आतल्या घोट्याच्या खालच्या कडेपर्यंत. माणूस मऊ गादीवर नको, सतरंजीवर किंवा कडक पलंगावर हवा. दोन्ही पाय सारख्याच अंतरावर आणि सारख्याच स्थितीत हवेत. एक गुडघा सरळ होत नसेल, तर दुसराही तेवढाच वाकवून ठेवावा. बेंबीपासून मोजू नये. तो आकडा कंबर तिरकी असली तरी बदलतो, आणि खरी लांबी व भासणारी लांबी यांची गल्लत तेथूनच सुरू होते. एवढे करूनही टेपने मोजण्यात चूक सहज होते. बाक काढलेल्या पायात टेपचा मार्गच बदललेला असतो, सुजेने त्यात भर पडते आणि दोन माणसांनी मोजले तर दोन आकडे येतात. ५ मिमीच्या आतला फरक टेपवर दिसला तर तो नाही असेच समजावे.

माझा कल उभ्याने, पायाखाली जाडी देऊन मोजण्याकडे आहे, कारण फरक आपल्याला उभे असतानाच त्रास देतो. त्यासाठी दिवाणखान्यातील सपाट लादी निवडावी. न्हाणीघर, गच्ची आणि अंगण येथे पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, तेथे हे करू नये. अनवाणी उभे राहावे, दोन्ही पावलांत वीतभर अंतर ठेवावे, टाचा एका रेषेत, गुडघे दोन्ही सरळ आणि वजन दोन्हींवर सारखे. मदतनीसाने मागे स्टुलावर असे बसावे की त्याची नजर कंबरेच्या पातळीला येईल. मग त्याने दोन्ही तळहात जमिनीकडे करून, तर्जनीची बाजू कंबरेच्या हाडांच्या वरच्या कडांवर दोन्हीकडून घट्ट बसवावी. मांस मऊ असते, हाड लागेपर्यंत दाबावे. दोन्ही हात एका पातळीत आहेत का ते पाहावे. नसतील तर ज्या बाजूचा हात खाली आहे त्या पावलाखाली, टाचेपासून चवड्यापर्यंत, पुठ्ठ्याचे तुकडे एकेक करून सरकवावेत आणि हात समपातळीत आले की थांबावे. मग तो गठ्ठा बाहेर काढून, बोटांनी दाबून धरून, शाळेच्या कंपासपेटीतल्या पट्टीने त्याची जाडी मोजावी. हीच मोजणी दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा करावी. आकडे दोन-तीन मिमीच्या आत आले तर ते धरून चालावे, सात-आठ मिमीने हलत असतील तर पद्धतीत काहीतरी सुटले आहे.

उभे असलेल्या माणसालाही विचारावे की कोणत्या जाडीला ‘आता बरे वाटते’. बोटांनी मिळालेली जाडी आणि ही जाडी सहसा जुळत नाहीत, बरे वाटणारी बहुधा कमी असते. पुढे चपलेचे ठरवताना तीच उपयोगी पडते.

स्कॅनोग्राम पुन्हा काढायचा असेल तर

फरक एक सेंटिमीटरहून अधिक वाटत असेल किंवा कंबर-पाठ दुखत असेल, तर हाडांची प्रत्यक्ष लांबी मोजलेली बरी. पहिला स्कॅनोग्राम ज्या केंद्रात काढला तेथेच दुसरा काढावा आणि जुनी फाइल सोबत न्यावी. दोन्ही वाट्या समोर, गुडघे शक्य तितके सरळ आणि वजन दोन्ही पायांवर, या तीन गोष्टी तंत्रज्ञाला आठवण करून द्यायला संकोचू नये. पाय बाहेर किंवा आत वळलेला असेल तर कोन आणि लांबी दोन्ही चुकीचे दिसतात. मोजमापासाठी माहीत असलेल्या आकाराचा धातूचा गोळा किंवा पट्टी चित्रात असायला हवी, कारण एक्स-रेमध्ये सगळेच थोडे मोठे दिसते आणि छापील फिल्म उलट लहान करून छापलेली असू शकते. म्हणून फिल्मवर पट्टी लावून घरी मोजण्यात अर्थ नाही. डिजिटल फाइल मागावी.

अहवालात पूर्ण पायाची लांबी, मांडीच्या हाडाची लांबी आणि नडगीच्या हाडाची लांबी हे तीन आकडे दोन्ही पायांचे वेगवेगळे हवेत. मांडीच्या हाडाला हात लावलेला नसताना फरक तेथेच दिसत असेल, तर तो जुना आहे हे उघड आहे.

फरक सापडला, आता पुढे

५ मिमीपर्यंत काहीही करू नये. ५ ते १० मिमी फरक असेल आणि चालताना, उभे राहताना, जिना चढताना काही त्रास नसेल, तर तेव्हाही काही करू नये. आकडा आहे म्हणून उपचार करणे हे चुकीचे आहे. त्रास असेल, किंवा फरक एक सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर पादत्राणात उंची देण्याचा विचार करावा.

उंची कोणत्या पायाला द्यायची, हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण गफलत येथेच होते. ओपन वेजनंतर शस्त्रक्रिया झालेला पाय मोठा असतो, म्हणून उंची दुसऱ्या, न कापलेल्या पायाला द्यायची असते. ‘आजारी’ पायाला आधार हवा या समजुतीने ती उलट्या पायाला दिली, की फरक कमी व्हायचा तो वाढतो.

पूर्ण फरक भरून काढू नये. साधारण निम्म्यापासून सुरुवात करावी. मोजणीत १२ मिमी आले असतील तर आधी ५ किंवा ६ मिमी द्यावे, दोन आठवडे रोज वापरावे आणि गरज वाटली तरच आणखी ३ मिमी वाढवावे. पाठ किंवा दुसरा गुडघा दुखू लागला तर एक पायरी मागे यावे. बंद बुटात आठ-दहा मिमीपेक्षा जास्त उंची मावत नाही, टाच वर येऊन बुटातून सुटू लागते. त्यापुढे उंची बुटाच्या तळव्याला खालून द्यावी लागते आणि ती फक्त टाचेला न देता चवड्यापर्यंत हळूहळू उतरती द्यावी, नाहीतर पाऊल पुढे कलंडते.

आपल्याकडची खरी अडचण बुटांची नाहीच. आपण दिवसाचा मोठा भाग घरात अनवाणी असतो आणि बाहेर पडताना पायात चप्पल सरकवतो. बुटात घातलेली टाच (टाचेखालची गादी) सकाळी दोन तास उपयोगी पडली आणि ओट्याशी चार तास अनवाणी उभे राहिले, तर मिळवले ते गेले. म्हणून घरात वापरायचा वेगळा जोड ठेवावा. एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराच्या चपला, मधुमेही रुग्णांना देतात तशा, यासाठी सोयीच्या आहेत. त्यांच्या तळव्याला त्याच रबराचा थर चिकटवून देण्याचे काम कृत्रिम अवयव केंद्रातील तंत्रज्ञ करतात आणि बसस्टँडजवळचा चांगला चर्मकारही करू शकतो. त्याला ‘थोडी उंच करा’ असे सांगू नये, मिलिमीटरचा आकडा कागदावर लिहून द्यावा आणि मागच्या पट्ट्याची चप्पल निवडावी, कारण उंच केलेली अंगठ्याची चप्पल पायातून निसटते. देवघरात किंवा स्वयंपाकघरात चप्पल न घालण्याची रीत असेल, तर तेवढ्यासाठी धुतलेला वेगळा जोड ठेवता येतो. तेही मान्य नसेल, तर ओट्याशी उभे राहण्याच्या जागी लहान पायाखाली एक दाट रबरी पट्टी अंथरावी.

चपलेच्या जुन्या जोडाचे तळवे उलटे करून एकदा पाहावेत. बाक असताना टाचेची बाहेरची कड झिजलेली असते. असा जोड शस्त्रक्रियेनंतर पुन्हा वापरला, तर तो पायाला जुन्याच कलाने उभे करतो. तो टाकून द्यावा.

फरक दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर केवळ या शस्त्रक्रियेने तो पडला असण्याची शक्यता कमी असते. तेव्हा जुना फरक, आखडलेला सांधा किंवा वाकडा कणा, यांचा शोध आधी घ्यावा लागतो आणि तो घरी घेता येत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा धावावे

जुळून आलेली लांबी आपोआप बदलत नाही. प्लेट नंतर काढली तरी ती तशीच राहते. म्हणून पाय एकदा बसल्यावर पुन्हा छोटा होऊ लागला, गेलेला बाक परत दिसू लागला किंवा कापाच्या जागी एकाएकी कळ आली, तर पाचर खचली असण्याची, बिजागरी मोडली असण्याची किंवा स्क्रू ढिले झाले असण्याची शंका घ्यावी आणि वजन टाकणे थांबवून एक्स-रे काढावा. धूम्रपान करणाऱ्यांत हाड उशिरा जुळते. तंबाखू आणि मिश्री यांतही निकोटीन असते, ‘मी विडी ओढत नाही, फक्त मिश्री लावते’ हे उत्तर येथे चालत नाही. पोटरी सुजून दुखणे, दम लागणे, जखमेतून पाणी येणे किंवा ताप येणे, यांचा लांबीशी संबंध नाही, पण त्यांसाठी पुढच्या तारखेची वाट पाहायची नसते.

दुसरा गुडघाही वाकलेला असेल तर

आपल्याकडच्या अनेक रुग्णांचे दोन्ही गुडघे वाकलेले असतात आणि शस्त्रक्रिया एकेका पायाची होते. मधल्या काळात फरक दोन्हीकडून वाढलेला दिसतो : एक पाय सरळ आणि लांब झालेला, दुसरा अजून वाकलेला आणि म्हणून आखूड. दुसऱ्या पायाची शस्त्रक्रिया वर्षभरात ठरलेली असेल, तर महागडे बूट बनवून घेऊ नयेत, काढता येणारी टाच पुरे. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या नियोजनाला जाताना पहिल्या पायाचे आधीचे आणि नंतरचे स्कॅनोग्राम, पद्धत कोणती होती आणि फट किती उघडली होती ते सांगणारे डिस्चार्ज कार्ड आणि उभ्याने मोजलेल्या जाडीचे आकडे, तारखांसह, घेऊन जावे. पहिल्या पायाला ओपन वेज झाले असेल आणि दुसऱ्यालाही तेच, जवळपास तेवढ्याच कोनाचे होणार असेल, तर नव्याने पडलेला फरक बहुतांशी मिटतो. पद्धत बदलणार असेल, तर वरच्या उदाहरणातले ११ मिमी आठवावेत आणि ते कोणत्या पायाच्या पदरात पडणार, हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधी विचारून घ्यावे.